शीला गाडी चालवायची

शीला, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मंडप पुरला नाही. लोक रस्त्यावर खुर्च्या टाकून बसले. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. कोणी म्हणालं, सिस्टरचा हात एवढा हलका की सुई टोचलेली कळायची नाही. कोणी म्हणालं, कोरोनात सगळे दारं लावून बसले होते तेव्हा शीलाबाई वॉर्डात होत्या. सगळं खरंच होतं. मी ऐकत होते आणि मनात वाट पाहत होते, की कोणीतरी उठून म्हणेल, ही बाई गाडी फार छान चालवायची. कोणी म्हणालं नाही. म्हणणार तरी कोण? आपल्या गोंडपिपरीच्या बाजारातून गाडी काढताना तुला सगळ्यांनी पाहिलं आहे. पण जयपूरच्या विमानतळाबाहेर, अनोळखी रस्त्यावर, भाड्याच्या गाडीचं स्टिअरिंग धरून बसलेली तू फक्त मला माहीत आहेस. मलाही बोलायला सांगितलं होतं. माईक हातात घेतला आणि तसाच परत दिला. चार लोकांसमोर तुझ्याबद्दल 'होत्या', 'असायच्या' असं बोलणं मला जमेना. म्हणून तुझ्याशीच बोलते.

तुझी नि माझी भिंत एकच होती. या बाजूला माझी शाळेतल्या बाईची बिऱ्हाडाची खोली, त्या बाजूला दवाखान्यातून ड्यूटी करून आलेली तू. चहा ठेवला की तू भिंतीवर दोन थापा मारायचीस. तुझे मालक लवकर गेले, तुझा प्रणय तेव्हा लहान होता. माझी मुलं शिकायला बाहेर, आणि माझे हे शेतीच्या पायी अर्धा वेळ सावली गावाला. तू येण्याआधी दिवाळीची सुट्टी म्हणजे काय, तर खडूऐवजी चूल. सावलीला सासरी जायचं, धानाची कापणी चालू असायची, कापणाऱ्या बायामाणसांचं रांधायचं आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी परत यायचं. सुट्टीत आपण कुठे जावं, असा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

प्रणयला बेंगळुरूला नोकरी लागली आणि त्याने तुला विमानाचं तिकीट पाठवलं. तू जाऊन आलीस तेव्हा मी उत्सुकतेने विचारलं, "कसं वाटलं विमान?"

"विमान काई विशेष नाई वो. एस.टी.च आहे. फक्त मधात कोणी चढत नाई." आणि मग पुढे सरकून म्हणालीस, "पण बाहेर एक खिडकी होती, मंदा. तिथी गाडीची चाबी देतात. लायसन दाखवाचं आन् गाडी घिऊन निघाचं. डायवर नाई, कोणी नाई. आपणच."

"मग?"

"मंग काय? दिवाळीत चाल."

गाडी तुला येत होती. भावाच्या जुन्या जीपवर शिकली होतीस आणि नंतर स्वतःची लहानशी जुनी गाडीही घेतली होतीस. पण मी घाबरले. सावलीला काय सांगायचं, इथपासून विमानात पोटात ढवळलं तर काय, इथपर्यंत सगळी भीती तुला ऐकवली. तू ऐकून घेतलंस आणि माझं आधार कार्ड मागितलंस.

जयपूर आपलं पहिलं. खिडकीतल्या त्या पोराचा चेहरा आजही डोळ्यांसमोर आहे. दोन बाया, एकीच्या खांद्यावर चिवड्याच्या डब्याची पिशवी. त्याने तुझं लायसन उलटून-सुलटून पाहिलं आणि अदबीने विचारलं, "मॅडम, सर कहाँ हैं?"

तू बोट वर केलंस. "ऊपर."

त्याला वाटलं, वरच्या मजल्यावर. "कोई बात नहीं, आने दीजिए."

"आने दीजिए मत बोलो बेटा," तू म्हणालीस, "आ गए तो गाड़ी कौन चलाएगा?"

त्याला उमगायला जरा वेळ लागला. मग तो ओशाळला, आणि तू त्याच्याकडे बघून एवढी मोकळी हसलीस की शेवटी तोही हसला. मी मात्र तुझ्याकडे बघत राहिले. नवऱ्याच्या मरणावर इतक्या वर्षांनी का होईना, असं हसणारी बाई मी पाहिली नव्हती. बाहेर पार्किंगमध्ये तू गाडीभोवती फिरलीस. दारं, बंपर, चाकं, जुना प्रत्येक ओरखडा त्याला दाखवत होतीस, "हे पहलेचं आहे, याचा फोटो काढ." भरती झालेल्या पेशंटला तपासावं तसं. मग आत बसलीस, सीट पुढे ओढलीस, आरसा नीट केलास आणि गुणगुणायला लागलीस. शब्द नसलेलं काहीतरी. गाडी चालवताना तू नेहमी तसं गुणगुणायचीस, तुला स्वतःला ते माहीत होतं की नाही कोण जाणे.

त्यानंतर आपण थांबलो नाही. दर सुट्टीत नागपूरचं विमानतळ. तुझ्या पिशवीतली कैची तपासणीत दर वेळी निघायची, दर वेळी तू त्या पोलीस पोरीशी वाद घालायचीस आणि दर वेळी हरायचीस. मसुरीच्या घाटात मी डोळे मिटून घेतले, तर म्हणालीस, "डोळे उघड, नाईतर मी बी मिटीन." मी उघडले. दरी पाहिली. पुन्हा मिटले.

भांडणंही काही कमी झाली नाहीत. मला सगळं बघायचं असायचं. एवढ्या लांब आलोय तर किल्ला, देऊळ, बाजार, काही सुटता कामा नये. तुला रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसायचं असायचं. विशाखापट्टणमहून अरकूला जाताना तू अशीच मध्येच थांबलीस. पिकलेला धान होता दोन्ही बाजूंना. तू बोनेटला टेकून उभी राहिलीस, ती हलेचना. ऊन चढत होतं. मी वैतागले.

"आपल्या इथी नाई काय धान? धान पाहाले विमानानं आलो काय आपण?"

"इथी मी धान पाहून राह्यली, मंदा. आपल्या तिथी मले धान दिसत नाई, काम दिसते."

"तुह्या घरी कुठी शेती होती?"

"नव्हतीच न," तू शांतपणे म्हणालीस. "माय दुसऱ्याच्या बांधीत रोवणा करे. मी बांधावर बसून राहो. तिची नुसती पाठ दिसे मले, दिवसभर."

माझ्या सासरी धानाच्या बांध्या आहेत, तिथे रोवणीला अशाच दुसऱ्या बाया येतात, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. तू ताणलं नाहीस. पाण्याची बाटली माझ्याकडे दिलीस आणि गाडी सुरू केलीस. त्या वादातलं पुढचं वाक्य तुझं होतं की माझं, ते ठरायचं राहून गेलं. मला वाटायचं, एखाद्या सुट्टीत पुन्हा निघेल हा विषय. अशा कितीतरी गोष्टी मी पुढच्या सुट्टीवर ठेवल्या होत्या, शीला.

मला गाडी शिकवण्याचं खूळही तुझंच. बाजार नसलेल्या दिवशी बाजाराच्या मैदानात तू मला गाडीत बसवायचीस. माझे हे एकदा बघायला आले आणि गाडी त्यांच्याच दिशेने निघाली, तेव्हा धोतर सावरत पळाले. तू हसून हसून सीटवर आडवी झालीस. लायसन मिळालं, पण मी गोंडपिपरी ते पोंभुर्णा एवढंच चालवायची. चंद्रपूरपर्यंत न्यायचीही हिंमत झाली नाही. "मी थकली तं कोण चालवन?" असं तू म्हणायचीस. मला वाटायचं, तू कुठली थकतेस.

मग तो रिपोर्ट आला. तू घरापुढच्या छपरीत बसून वाचलास. मी तांदूळ निवडत होते. तू कागद घडी करून मांडीवर ठेवलास आणि ड्यूटीवरच्या आवाजात म्हणालीस, "पोटात आहे. लिव्हरपर्यंत गेलं. अशा पेशंटच्या घरच्यांले आमी सांगतो, जवळच्या माणसांले बोलावून घ्या."

मी सुपातून मान वर न करता विचारलं, "कोण पेशंट?"

"मी वो."

मला आठवतं, मी तांदूळ निवडतच राहिले. हात थांबत नव्हते.

प्रणय आला. तुला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं, औषधं सुरू झाली. त्याला तुला बेंगळुरूला न्यायचं होतं. तू नाही म्हणालीस. मग त्याने हात जोडून सांगितलं, "आई, निदान आता कुठी जाऊ नको. फिरनं बंद." तू मान हलवलीस. तो गेला. दुसऱ्या सकाळी भिंतीवर दोन थापा पडल्या. मी आले तर चहा नव्हताच.

"मंदा, केरळात कन्नूरजवळ समुद्र आहे. तिथी वाळूत गाडी नेता येते, पार पाण्यापर्यंत. चालतेस?"

"प्रणयनं काय सांगितलं?"

"त्यानं लेकरासारखं सांगितलं. तो लेकरूच आहे. पण माह्या पायात किती दम राह्यला, ते मले समजते. पुढच्या महिन्यात विचारशीन तं मी नाई म्हणीन."

दिवसभर मी विचार केला. नाही म्हणता आलं असतं. तुझ्या भल्यासाठी म्हणून सांगताही आलं असतं. पण तू माझ्याकडे काही मागितल्याचं मला दुसरं आठवेना. मी तिकिटं काढली.

बेंगळुरूला विमान बदलायचं होतं. चालायचं अंतर लांब होतं आणि तुझा चेहरा पांढरा पडला होता. मी चाकाची खुर्ची मागितली. आयुष्यभर लोकांना त्या खुर्चीत बसवून ढकललंस, आता तू तिच्याकडे नुसती बघत राहिलीस. मग बसलीस. ढकलणाऱ्या पोरीला मान वळवून विचारलंस, "बेटा, खाना खाया?" तिने नाही म्हटल्यावर चिवड्याचा डबा काढून तिच्या हातावर ठेवलास.

मधे बराच वेळ होता. तुझं लेकरू त्याच शहरात, आणि आपण काचेजवळ बसून दुसऱ्यांची विमानं बघत होतो. मी म्हटलं, फोन कर. तू म्हणालीस, "केला तं तो येईन, आन् मंग मले जाऊ देनार नाई." थोड्या वेळाने त्याचाच फोन आला.

"काय करून राह्यली, आई?"

"काई नाई, बसली आहो." खोटं नव्हतं ते. पण तेवढ्यात मागे कुठल्याशा विमानाची घोषणा सुरू झाली. तू फोनवर हात ठेवलास. जरा वेळाने म्हणालीस, "टीव्ही चालू आहे बाबू. ठेवतो," आणि माझ्याकडे बघायचं टाळलंस.

कन्नूरला गाडी घेतली. त्या मुलाने सगळं समजावलं आणि शेवटी बजावलं, गाडी वाळूत न्यायची नाही. तू म्हणालीस, "बरं." इतक्या गरीब चेहऱ्याने म्हणालीस, की मलाच हसू दाबावं लागलं. गाडीभोवती मात्र फिरली नाहीस. ते मी केलं. तू सीट पुढे ओढलीस, आरसा नीट केलास. विमानतळाचा उतार उतरून आपण नारळाच्या झाडांमधल्या अरुंद रस्त्याला लागलो, आणि तुझं गुणगुणणं बंद झालं. मी बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. तू एका दुकानासमोर गाडी कडेला घेतलीस आणि किल्ली काढून माझ्या हातात दिलीस.

"आता तू."

"शीला, मले नाई जमणार इथी."

"मले जमून नाई राह्यलं, मंदा."

मी खाली उतरून दुसऱ्या बाजूला आले. तू शेजारच्या सीटवर सरकलीस आणि पोटाशी उशीसारखी पिशवी धरलीस. मी गाडी सुरू केली. ट्रक अंगावर येत होते, पाट्या वाचता येत नव्हत्या. एका शब्दाने तू मला काही सुचवलं नाहीस. नुसती डोळे मिटून बसलीस, मी चालवत असताना, निवांत. एवढा विश्वास माझ्यावर ना माहेरी कोणी टाकला, ना सासरी.

समुद्र आला तेव्हा ओहोटी होती. ओली वाळू सिमेंटसारखी कडक, त्यावर गाड्या ये-जा करत होत्या. मी गाडी खाली उतरवली आणि थांबवली. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "दे." आपण पुन्हा जागा बदलल्या. पहिल्याच गिअरमध्ये तू गाडी पाण्याच्या कडेकडेने नेलीस. बैलगाडीच्या चालीने. काच खाली केलीस. एक लाट आली आणि पसरत चाकाखाली शिरली.

"पाह्य मंदा, चाकाले पाणी लागलं!"

तू लहान मुलीसारखी खिडकीतून वाकून बघत होतीस. गाडी थांबवून आपण तशाच बसलो. सूर्य पाण्याला टेकला. मग म्हणालीस, "प्रणयले इथी आनाचं राह्यलं." एवढंच. मी तुझा हात धरला. तो गरम होता, ताप होता.

परत आल्यावर तू अंथरुणाला खिळलीस. दवाखाना, सलाइन, मग फक्त वेदना कमी करणारी औषधं. माझा हात हातात असताना तू गेली नाहीस. मी घरी डबा आणायला आले होते, तेव्हा गेलीस. धावत पोचले तर बाहेर बाकावर प्रणय बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशी, तुमी तिले नेलं नसतं तं..." त्या अर्ध्या वाक्याने कालपर्यंत मला झोपू दिलं नाही, शीला. तुझ्यासाठी रडायला बसले की ते वाक्य मधे येऊन बसायचं.

काल प्रणयचं विमान होतं. भाड्याची गाडी सांगितली असेल, असं मी धरून चालले होते. तो माझ्या दारात आला. हातात तुझ्या गाडीची किल्ली.

"मावशी, तुमी सोडून देता काय नागपूरले?"

"तू चालव न. मी बसीन बाजूला."

"नाई. तुमी चालवा."

चंद्रपूर मागे पडलं. मी रस्ता सोडून कशाकडे बघत नव्हते. वरोऱ्याच्या पुढे त्याने विचारलं, "त्या दिवशी तुमी बेंगळुरूच्या एअरपोर्टवर होता न? फोनवर मागून कन्नडमधी अनाउन्समेंट आली."

मी म्हटलं, हो.

"मी आलो होतो. गाडी काढून सरळ आलो. तिकीट नाई तं आत सोडत नाई. बाहेर उभा होतो."

माझ्या हातून गाडी जरा हलली. "फोन काऊन नाई केलास? बाहेर काऊन नाई बोलावलंस तिला?"

"बलावलं असतं तं ती आली असती, मावशी. माह्यासाठी आली असती, आन् घरी चालली असती." तो खिडकीबाहेर बघत बोलत होता. "फोन हातात धरून उभा राह्यलो. मंग वाटलं, तुमचं विमान उडालं असन. मंग गेलो घरी."

मी विचारलं, "मग दवाखान्यात मला तसं काऊन म्हणालास?"

"कोनाले तरी म्हनाचं होतं," तो म्हणाला, आणि तुझा तो उंच लेक तोंडावर हात घेऊन रडायला लागला. मी त्याला थोपटू शकत नव्हते, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. म्हणून बोलत राहिले. जयपूरचा 'ऊपर' सांगितला, घाट सांगितला, कैचीचे वाद सांगितले. वाळू सांगितली. तू गाडी चालवताना गुणगुणतेस, हे त्याला माहीतच नव्हतं. तो जवळ असला की तोच चालवायचा, तू बाजूला बसायचीस. तू चालवताना तुझ्या शेजारी तो कधी बसलाच नव्हता. आणि समुद्रासमोर तू जे म्हणालीस, तेही सांगितलं. सांगावं की नाही, यावर रात्रंदिवस अडले होते. त्याने ते ऐकलं आणि थोड्या वेळाने विचारलं, "आपन जाऊ काय तिथी, मावशी? दिवाळीत?" मी मान हलवली.

विमानतळावर तो माझ्या पाया पडला आणि मागे न बघता आत गेला. शिट्टीवाला गाडी काढा म्हणून घाई करत होता.

परतताना चंद्रपूर ओलांडून जंगलाच्या रस्त्याला लागले, तेव्हा एका थांब्यावर एक म्हातारीशी बाई हात दाखवत उभी होती. बस गेली म्हणाली, पुढच्या गावाला सोडता का? मी तिला शेजारी बसवलं. तिने पदर सावरला, माझ्याकडे नीट बघितलं.

"बाई, तुमीच चालवता? कोन शिकवलं वो?"

"माह्या मैत्रिणीनं."

"कुठी राह्यते ते?"

"वारली," मी म्हणाले. तुझ्याबद्दल हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर आला.

गाव आल्यावर म्हातारी उतरली, खिडकीतून हात आत घालून माझा दंड धरला आणि म्हणाली, "सांज व्हाच्या आत निघून जाजो माय. या रस्त्यानं जनावर निघते. कुठी थांबू नको."

तिथून गोंडपिपरीपर्यंत मी रडत आले, शीला. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. पण गाडी कुठे थांबवली नाही.